बांधकामाच्या जागेवर दूषित माती सापडल्यावर: खोदकाम थांबवण्यापासून भरावापर्यंत

जुना कारखाना, गिरणी, गॅरेज किंवा पेट्रोल पंप पाडून तेथे इमारत उभी करताना पोकलेनच्या बकेटमधून काळी, तेलकट, उग्र वासाची माती वर आली की बहुतेक ठिकाणी एकच निर्णय होतो: ती माती डंपरमध्ये भरून रात्रीतून बाहेर काढायची आणि कामाचे वेळापत्रक सांभाळायचे. पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ या निर्णयात असते. माती गेली की दूषण कुठून आले आणि कुठवर पसरले हे कळण्याचा मार्गही जातो. ती जिथे टाकली तिथे दुसरी दूषित जागा तयार होते आणि कायद्याच्या दृष्टीने जबाबदारी मात्र मूळ जागेवरच्या माणसाकडे राहते. ठाणे-बेलापूर पट्टा, अंबरनाथ-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि मुंबईतील गिरण्यांच्या जमिनी अशा जागांवर काम करणारे साइट इंजिनिअर, लहान विकासक आणि पुनर्विकासात उतरलेल्या सोसायट्यांच्या समित्या यांच्यासाठी हा लेख आहे. यातील टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण येथे होणाऱ्या चुका बहुतांशी क्रमाच्याच असतात.

## पूर्वतयारी: पहिली बकेट लागण्याआधी

जागेवर पूर्वी उद्योग होता हे माहीत असेल, तर दूषण सापडेल असे गृहीत धरूनच खोदकामाचा करार करावा. करारात तीन बाबी स्पष्ट लिहाव्यात: संशयास्पद माती दिसल्यास काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे, थांबलेल्या यंत्रांचे भाडे कोण देणार, आणि घातक ठरलेल्या मातीच्या विल्हेवाटीचा दर प्रति टन वेगळा धरला आहे का. ही कलमे नसली की मुकादमाला थांबण्यात तोटा आणि माती काढून टाकण्यात फायदा दिसतो, आणि मग तो थांबत नाही.

जागेवर जाड पॉलिथीन, ताडपत्री, वाळूच्या गोण्या, नायट्राइलचे हातमोजे, गमबूट आणि ऑक्सिजन व ज्वलनशील वायू मोजणारा मीटर आधीच आणून ठेवावा. प्रयोगशाळाही आधीच ठरवावी. केवळ एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता पाहून भागत नाही. मान्यतेच्या परिशिष्टात माती हे माध्यम आणि आपल्याला हवे असलेले घटक आहेत का, हे पाहावे. पाण्याच्या चाचणीला मान्यता असलेली प्रयोगशाळा मातीच्या चाचणीला मान्यताप्राप्त असेलच असे नाही.

## टप्पा १: काम थांबवणे आणि जागा वेगळी करणे

रंग, वास, पाण्यावर तेलाचा तवंग, पुरलेले ड्रम, सिमेंटच्या जुन्या पत्र्यांचे तुकडे किंवा अज्ञात टाकी, यांपैकी काहीही दिसले तरी त्या भागातले खोदकाम त्याच क्षणी थांबवावे. संपूर्ण साइट बंद करण्याची गरज सहसा नसते, आणि ही भीती घातल्यामुळेच लोक गोष्टी लपवतात. दिसलेल्या खुणेभोवती काही मीटर मोकळी जागा सोडून दोरी बांधावी, उघडी पडलेली माती ताडपत्रीने झाकावी आणि बाहेर काढलेली माती पॉलिथीनवर घेऊन तिच्याभोवती गोण्यांचा बांध घालावा. पोकलेनची बकेट आणि पट्टे तेथेच स्वच्छ करावेत. नाही तर तेच यंत्र दुसऱ्या कोपऱ्यातली चांगली मातीही बिघडवते.

खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी मीटर खाली सोडून वाचन घ्यावे. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांहून कमी असल्यास किंवा ज्वलनशील वायू स्फोटाच्या किमान मर्यादेच्या (हवेतील ज्या प्रमाणाखाली वायू पेट घेत नाही त्या प्रमाणाच्या) १० टक्क्यांवर गेल्यास खाली कोणीही उतरू नये, हा सर्वत्र पाळला जाणारा प्रघात आहे.

इशारा: माती हातात घेऊन हुंगणे ही तपासणी नव्हे. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू थोड्या वेळात घ्राणशक्तीच बधिर करतो, आणि शिसे, आर्सेनिक, क्रोमियम यांना वासच नसतो. साधा कापडी मास्क बाष्पाविरुद्ध निरुपयोगी असतो.

कामगारांच्या बाबतीत सर्वांत दुर्लक्षित धोका हाताचा आहे. धातूंनी दूषित माती त्वचेतून फारशी शरीरात जात नाही, पण त्याच हाताने तंबाखू मळली किंवा चहाबरोबर बिस्किट खाल्ले की ती थेट पोटात जाते. दोरीच्या बाहेर पाण्याचा नळ व साबण ठेवावा आणि दोरीच्या आत खाणे, पिणे, तंबाखू यांना पूर्ण बंदी करावी. कामगारांची वस्ती साइटवरच असेल, तर तिला पाणी पुरवणारी बोअरवेल निकाल येईपर्यंत बंद करून टँकर लावावा. लहान मुलांना त्या भागातून दूर ठेवण्याची जबाबदारी एका ठरावीक व्यक्तीवर नावानिशी टाकावी.

## टप्पा २: कळवणे

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संबंधित प्रादेशिक कार्यालयाला लेखी कळवावे आणि पोचपावती घ्यावी. गळती चालू असेल, आग किंवा वायूचा धोका असेल, तर अग्निशमन दलाला आधी फोन करावा आणि पत्र नंतर लिहावे. पत्रात काय दिसले, कोठे दिसले, काय थांबवले आणि पुढे काय करणार, एवढेच असावे. कारणांविषयी अंदाज आणि पूर्वीच्या मालकावर आरोप त्यात घालू नयेत. त्यासाठी पुरावा नंतर मिळतो.

केंद्र सरकारने २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित स्थळाची माहिती मिळाल्यावर प्राथमिक मूल्यमापनासाठी सुमारे ३ महिने आणि त्यानंतर सविस्तर सर्वेक्षणासाठी आणखी ३ महिने अशी चौकट आहे. दूषण करणाऱ्याकडून खर्च वसूल करण्याचे तत्त्वही त्यांत आहे. वेळापत्रक आखताना ही मुदत धरूनच चालावे. २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकाम क्षेत्राच्या प्रकल्पाला पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते; ती आधी मिळालेली असल्यास मंजुरीतील अटी पुन्हा वाचाव्यात, कारण माती व भूजल यांसंबंधीची अट त्यात असण्याची शक्यता असते आणि ती अनेकदा कोणी वाचलेली नसते.

## टप्पा ३: जागेचा पूर्वेतिहास आणि नकाशा

नमुने घेण्याची घाई करण्याआधी एक-दोन दिवस कागदांना द्यावेत. मंडळाने जुन्या कारखान्याला दिलेली संमतीपत्रे, कारखान्याने भरलेली घातक कचऱ्याची वार्षिक विवरणे, मंजूर नकाशे, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडील नोंदी आणि उपग्रहाची जुनी छायाचित्रे यांतून पुष्कळ कळते. परिसरात राहणारा एखादा निवृत्त कामगार भेटल्यास त्याच्याबरोबर जागेवर फेरी मारावी. सांडपाण्याची टाकी कुठे होती, पावसाळ्यात पाणी कोणत्या नाल्याला जायचे आणि ड्रम कुठल्या भिंतीमागे धुतले जायचे, हे नकाशात नसते.

मिळालेली माहिती एका नकाशावर उतरवावी: दूषण कशातून आले असेल, ते मातीतून, पाण्यातून किंवा हवेतून कोणत्या वाटेने जाईल आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे. बॉयलर आणि भट्टीच्या तेलाच्या टाक्यांजवळ खनिज तेल, रंगखात्याजवळ धातू, मुलामा देण्याच्या खात्याजवळ क्रोमियम व सायनाइड, जुन्या ट्रान्सफॉर्मरजवळ पीसीबी या विषारी क्लोरिनयुक्त रसायनाचे तेल, यंत्रभाग धुण्याच्या जागी क्लोरिनयुक्त द्रावके, असा शोध घ्यावा. कोकणातल्या खाडीकाठच्या चिकणमातीत दूषण बरेचसे वरच्या थरात अडकून राहते. घाटावरच्या बेसाल्टमध्ये मात्र पाण्याहून जड द्रावक भेगांतून खोल उतरते आणि अपेक्षित नसलेल्या दिशेला निघते. त्यामुळे वरचा मुरूम स्वच्छ दिसला म्हणून खडक स्वच्छ आहे असे मानू नये.

पडताळणी: नकाशावर ज्या वाटेच्या टोकाला कोणीही नाही, ती वाट तरीही खोडू नये. आज मोकळ्या असलेल्या त्या टोकाला उद्या आपलाच तळघरातला वाहनतळ येणार असतो.

## टप्पा ४: नमुने

येथे सर्वाधिक पैसे वाया जातात, म्हणून थोडे थांबून पाहू.

संशयित स्रोतांजवळ मुद्दाम निवडलेली ठिकाणे आणि उरलेल्या जागेवर ठरावीक अंतराच्या जाळीतील ठिकाणे, असे दोन्ही प्रकार घ्यावेत. प्रत्येक ठिकाणी खोलीनुसार वेगळे नमुने हवेत: वरचा भराव, त्याखालची मूळ माती आणि तिसरा नमुना स्वच्छ वाटणाऱ्या थरातून. खालची हद्द सापडली नाही, तर किती माती काढायची हे सांगता येत नाही. भूजलासाठी किमान तीन निरीक्षण विहिरी घ्याव्यात, त्याही एका रेषेत नकोत. तीन पातळ्यांशिवाय प्रवाहाची दिशा ठरत नाही. जागेबाहेरच्या, वरच्या बाजूच्या स्वच्छ मातीचाही एक नमुना घ्यावा, म्हणजे आपल्या भागातल्या मातीत निसर्गतः किती धातू आहेत हे कळते. बेसाल्टपासून झालेल्या मातीत क्रोमियम व निकेल मुळातच जास्त असतात, आणि हे न तपासता लोक निरोगी मातीवर खर्च करतात.

आता सर्वांत प्रचलित चूक. प्रयोगशाळेचे शुल्क वाचवण्यासाठी पाच ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवला जातो. चार ठिकाणी शिसे ५० मिलिग्रॅम प्रति किलो आणि एका ठिकाणी ९०० असेल, तर अहवालात २२० येईल. तो आकडा जागेवरच्या कोणत्याही ठिकाणाचा नाही, आणि त्यावरून काढायची मातीही चुकीची ठरते. बाष्पशील, म्हणजे सहज वाफ होणाऱ्या पदार्थांच्या बाबतीत तर माती कालवताच पदार्थ उडून जातो.

बाष्पशील घटकांसाठी नमुना नुकत्याच कापलेल्या पृष्ठभागातून काढावा, टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या झाकणाच्या काचेच्या बरणीत मोकळी जागा न ठेवता भरावा आणि बर्फाच्या पेटीत ४ अंशांच्या आसपास ठेवून प्रयोगशाळेला द्यावा. बरणीवर न पुसल्या जाणाऱ्या शाईने ठिकाण, खोली, तारीख व वेळ लिहावी. 'साइट नमुना ३' एवढेच लिहिलेली बरणी पुढे कोणत्याही सुनावणीत टिकत नाही. नमुना कोणी घेतला, कोणाच्या हातात दिला आणि प्रयोगशाळेत कोणी स्वीकारला, याचा सहीचा कागद पेटीबरोबरच जावा. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच मातीचा दुसरा नमुना) वेगळ्या क्रमांकाने पाठवावा. दोन निकालांत मोठी तफावत आली, तर आधी प्रयोगशाळेशी बोलावे.

बाष्पमापक यंत्र जागेवरच्या चाळणीसाठी चांगले आहे. माती प्लास्टिकच्या पिशवीत अर्धी भरून, तोंड बंद करून काही मिनिटे ठेवावी आणि मग पिशवीतल्या हवेत नळी घालून वाचन घ्यावे. मात्र हे यंत्र धातू दाखवत नाही आणि पावसाळी दमट हवेत कमी वाचन देते, म्हणून शून्य वाचन हा प्रयोगशाळेला पर्याय नाही.

## टप्पा ५: किती स्वच्छ करायचे ते ठरवणे

दोन वेगळ्या चाचण्या येथे सतत एकमेकींत मिसळल्या जातात. पहिली मातीतले एकूण प्रमाण देते, मिलिग्रॅम प्रति किलोमध्ये. ती माती जागेवर राहू द्यायची की नाही, हे तिच्यावरून ठरते. दुसरी मातीतून पाण्यात किती उतरते हे मोजते, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये. बाहेर काढलेली माती घातक कचऱ्यात मोडते का, हे ठरवताना ती लागते. घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतील दुसऱ्या अनुसूचीत या झिरपाची मर्यादा शिशासाठी ५, कॅडमियमसाठी १ आणि पाऱ्यासाठी ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. झिरप चाचणीत उत्तीर्ण झालेली माती म्हणजे राहण्यास सुरक्षित माती, असा निष्कर्ष काढणे साफ चुकीचे आहे.

पडताळणी: झिरप चाचणीत मातीच्या वीसपट द्रावण वापरले जाते. त्यामुळे मातीत एकूण शिसे १०० मिलिग्रॅम प्रति किलोहून कमी असल्यास झिरपात ५ चा आकडा ओलांडला जाणे गणितानेच शक्य नाही. अहवालात तसे दिसले, तर तो अहवाल परत पाठवावा.

जागेचा भावी उपयोग कोणता, यावर उद्दिष्टाचा आकडा अवलंबून असतो. कॅनडाच्या मार्गदर्शक मूल्यांत शिशासाठी औद्योगिक जमिनीला ६०० आणि निवासी जमिनीला १४० मिलिग्रॅम प्रति किलो अशी मर्यादा आहे. एवढ्या फरकावरून कारखान्याच्या काळातला 'समाधानकारक' अहवाल इमारतीसाठी का चालत नाही हे समजेल. कोडाईकनाल येथील २००१ मध्ये बंद झालेल्या थर्मामीटर कारखान्याच्या जागेवर पाऱ्यासाठी २० मिलिग्रॅम प्रति किलो हे उद्दिष्ट ठरले आणि ते पुरेसे कडक आहे का यावर वर्षानुवर्षे वाद चालला. असा वाद खोदकाम झाल्यावर उद्भवू नये म्हणून उद्दिष्टाचे आकडे, ते कशावरून घेतले आणि इमारतीचा कोणता भाग कोठे येणार, हे सारे लिहून मंडळाला आधी सादर करावे. बाग आणि खेळाची जागा दूषित कोपऱ्यावर आखली असेल, तर या टप्प्यावर आराखडा फिरवणे सर्वांत स्वस्त पडते. वास्तुविशारदाला या बैठकीला बोलावले जात नाही, ही मला नेहमीच खटकणारी गोष्ट आहे.

## टप्पा ६: उपाय निवडणे

डिझेल किंवा भट्टीच्या तेलाने भिजलेल्या मातीचा ढीग करून, हवा व खते देऊन जिवाणूंकडून तेल खाऊ देणे हा उपाय चालतो, पण त्याला महिने आणि झाकलेली जागा लागते. कोकणात जूनआधी तो पूर्ण होईल अशी खात्री नसेल, तर छप्पर आधी उभारावे. धातूंवर या उपायाचा उपयोग नाही. धातूंसाठी सिमेंट किंवा चुन्याने माती घट्ट बांधतात, मात्र षट्संयुजी क्रोमियमला थेट सिमेंट घातल्यास ते विद्राव्य रूपातच राहते. फेरस सल्फेटसारख्या रसायनाने त्याचे त्रिसंयुजी रूप आधी करून घ्यावे लागते. उथळ व कमी तीव्रतेच्या दूषणावर अभेद्य थर आणि स्वच्छ मातीचे आवरण पुरते. खाली बाष्पशील पदार्थ असतील, तर इमारतीच्या तळाशी बाष्परोधक पडदा आणि वायू बाहेर नेणारी नळी घालावी लागते.

माती काढून नेणे हा सर्वांना पहिला सुचणारा उपाय आहे. त्याचा हिशेब करून पाहावा. २० मीटर लांब, १५ मीटर रुंद व २ मीटर खोल पट्ट्यातली माती ६०० घनमीटर होते, म्हणजे साधारण १,००० टन. खणल्यावर ती फुगते, त्यामुळे डंपरच्या फेऱ्या जमिनीतल्या घनफळावरून मोजू नयेत.

## टप्पा ७: खोदाई, ढीग आणि वाहतूक

नमुन्यांच्या नकाशावरून जमिनीवर चुन्याने हद्द आखावी आणि प्रत्येक थर वेगळा काढावा. स्वच्छ, संशयित आणि दूषित असे तीन ढीग हवेत, प्रत्येकावर फलक हवा. दूषित माती स्वच्छ मातीत मिसळून प्रमाण खाली आणणे हा उपचार नव्हे, आणि त्यामुळे विल्हेवाटीचे टन मात्र वाढतात.

घातक ठरलेली माती ९० दिवसांहून अधिक साठवता येत नाही. ती राज्यातील अधिकृत विल्हेवाट केंद्रातच जावी. तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरी येथे अशी केंद्रे आहेत. केंद्राची लेखी स्वीकृती आल्याशिवाय खोदाई सुरू करू नये. प्रत्येक वाहनाबरोबर घातक कचऱ्याच्या नियमांतील फॉर्म १० मधील वाहतूक पावती आणि फॉर्म ९ मधील आपत्कालीन माहितीपत्रक असावे, वाहन झाकलेले असावे आणि फाटकाबाहेर पडण्याआधी चाके धुतलेली असावीत.

इशारा: जुनी भूमिगत इंधनटाकी गॅसमुक्त असल्याचा दाखला मिळेपर्यंत गॅस कटरने कापू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून धोकादायक असते, कारण तिच्यात द्रव नसला तरी बाष्प असते. सिमेंटचे जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असल्याचे धरून पाण्याने भिजवावेत, अख्खे उतरवावेत आणि जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळावेत. ते वरून खाली टाकू नयेत.

## टप्पा ८: खड्ड्यातले पाणी

मुंबई-ठाण्यात दोन-तीन मजली तळघराच्या खड्ड्यातून दिवसरात्र पंप चालतात, आणि ते पाणी सरळ पावसाळी गटारात जाते. दूषित जागेवर हे करणे १९७४ च्या जल अधिनियमाचा भंग ठरू शकते. पाणी आधी टाकीत घेऊन तेल वेगळे करावे, गरजेप्रमाणे सक्रिय कोळशातून गाळावे आणि तपासूनच मंडळाच्या परवानगीने सोडावे. शिवाय पंपाने भूजलाची पातळी खाली गेली की शेजारच्या प्लॉटखालचे दूषण आपल्याकडे ओढले जाते. पंप सुरू करण्याआधी हद्दीवरच्या विहिरींचे नमुने घेतलेले नसतील, तर ते दूषण आपले नव्हते हे नंतर सिद्ध करता येत नाही. पाइलिंगही याच नजरेने तपासावे: दूषित थर भेदून खाली जाणारे छिद्र खालच्या पाण्यापर्यंत वाट तयार करते, आणि त्यातून वर येणारा बेंटोनाइटचा (छिद्र ढासळू नये म्हणून भरलेल्या चिकणमातीच्या द्रवाचा) गाळही दूषित धरावा लागतो.

## टप्पा ९: खात्री, भराव आणि नोंदी

खड्डा 'स्वच्छ दिसतो' म्हणून बुजवू नये. तळाचे आणि चारही बाजूंचे नमुने घ्यावेत, शक्यतो खोदाईच्या ठेकेदाराशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून, आणि निकाल हातात येईपर्यंत भराव घालू नये. एखादी बाजू उद्दिष्टात बसत नसेल, तर फक्त ती बाजू आणखी काढून पुन्हा नमुना घ्यावा. बाजू शेजाऱ्याच्या हद्दीपर्यंत पोचली, तर तेथे थांबून मंडळाला कळवावे. हद्दीखाली घुसून खणल्यास कुंपणाची भिंत कोसळते.

भरावासाठी आणलेल्या मुरुमाचीही तपासणी करावी. स्वस्त भरावात फाउंड्रीची वाळू, राख किंवा दुसऱ्या साइटची हीच माती मिसळून येते. पुरवठादाराकडून खाणीचे ठिकाण लिहून घ्यावे आणि पहिल्या काही गाड्यांचे नमुने तपासल्यावरच पुढच्या गाड्या घ्याव्यात.

शेवटच्या संचिकेत नमुन्यांचे नकाशे व अहवाल, वाहतूक पावत्या, केंद्राच्या वजनकाट्याच्या नोंदी, खात्रीच्या नमुन्यांचे निकाल, तारीखवार छायाचित्रे आणि मंडळाशी झालेला पत्रव्यवहार असावा. पाठवलेले आणि केंद्रात पोचलेले टन जुळत नसतील, तर संचिका बंद करू नये. जमिनीखाली काही दूषण आवरणाखाली ठेवले असेल, तर त्याचे स्थान व खोली सोसायटीला हस्तांतराच्या कागदांत लेखी द्यावी, म्हणजे पाच वर्षांनी जलवाहिनी टाकणारा प्लंबर ते आवरण अनवधानाने फोडणार नाही. निरीक्षण विहिरी बुजवू नयेत. किमान एका पावसाळ्याच्या आधी आणि नंतर त्यांतले पाणी तपासावे, कारण उन्हाळ्यात कोरड्या राहिलेल्या थरात अडकलेले दूषण पाण्याची पातळी चढल्यावरच सुटते.